तिसरा खण

१

रोज सकाळी ठिणगी डोळे चोळत पुढच्या खोलीत यायची आणि आधी पेटीकडे बघायची. चूळ भरणं, चहा, केस, सगळं नंतर. पेटीच्या तोंडावर एकाखाली एक चार खण होते, प्रत्येक खणात एक डिस्क, आणि प्रत्येक खणाला एक इवलासा दिवा. चारही हिरवे दिसले की तिचा जीव भांड्यात पडायचा.

ठिणगी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी कशानंही पेटायची म्हणून मामानं ठेवलेलं. पुढे ती शिकायला फार लांब गेली, तिकडेच राहील असं सगळ्यांनी धरून चाललेलं, आणि एक दिवस दोन बॅगा घेऊन दारात उभी राहिली. एका बॅगेत कपडे होते, दुसरीत वायरी.

“माणूस गेलं की फोटो राहतो,” ती येईल त्याला सांगायची, “पण फोटो हाक मारतो का कधी?” गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे आवाज, ते आहेत तोवर, साठवून ठेवायचे. ज्याला ऐकायचे त्यानं येऊन ऐकायचे, फुकट. त्यासाठी तिनं घराची पुढची खोली रिकामी केली आणि दारावर पाटी लावली : आवाजघर. कुठल्या तरी कंपनीच्या लांबच्या यंत्रावर हे आवाज ठेवायचे नाहीत, यावर ती ठाम होती. दुसरी प्रत मात्र ठेवायची, तीही माणसाच्याच घरात, हे ठरलं होतं. फक्त ते घर कुठलं, हे अजून ठरायचं होतं.

“दोन माणसांच्या घरात बोलायला कुणी नाही म्हणून भाचीनं बाहेरून आवाज आणलेत,” मामा म्हणायचा. त्याचं रेडिओ-दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्याची जीभ त्याच्या कातरीपेक्षा धारदार होती.

यंत्रातलं ठिणगीला सगळं कळायचं. माणसांना बोलतं करणं मात्र तिला जमेना. तिनं माइक पुढे धरला की म्हातारी माणसं ताठ व्हायची आणि सभेत बोलावं तसं बोलायची. मग आई तिच्याबरोबर जायला लागली. आई समोर गुडघ्याला गुडघा लावून बसायची, म्हणायची, “हं, मग?” आणि माणूस वाहायला लागायचं. एकही ध्वनिमुद्रण असं नव्हतं, जिथं आई नव्हती. ठिणगीची नजर मीटरच्या काट्यावर असायची. ती आवाज मोजायची, आई ऐकायची.

ऐकायला येणाऱ्यांत घड्याळवाले काका नेमाचे. त्यांची बायको आता नव्हती. तिच्या मुद्रणाच्या शेवटी काका बाहेर जायला उठलेले ऐकू येतात आणि ती मागून म्हणते, “अहो, दार नुसतं लोटू नका. कडी घाला.” त्या वाक्याला काका दर वेळी हसायचे आणि हसता हसता चष्मा पुसायचे.

आणि चहा झाल्यावर आईची पाळी. आई बाबांचं ऐकायची. बाबा पाणीपुरवठ्यावर नोकरीला होते. मोठा नळ फुटला त्या दिवशीची हकिकत त्यांनी सांगितली होती, जायच्या थोडेच महिने आधी. “पाणी गुडघ्यापर्यंत आलेलं. मी धावत व्हॉल्व्हच्या चाकापाशी गेलो, हात घातला, तर—” एवढ्यावर मुद्रण तुटायचं. बॅटरी संपली होती तेव्हा. ठिणगीच्या हे लक्षात आलं, तोवर बाबा सांगून मोकळे झाले होते.

“परत सांगायला लावायला हवं होतं,” ठिणगी चरफडायची.

“मला ठाऊक आहे ना पुढचं,” आई म्हणायची आणि हेडफोन काढून ठेवायची. पुढचं काय, ते ती सांगायची नाही, आणि ठिणगीनंही कधी विचारलं नव्हतं.

पेटी नवी आली तेव्हा आईनं विचारलं होतं, एकीच्या जागी चार डिस्क कशाला?

“सगळ्यांचे आवाज चौघींत वाटून ठेवलेत, आणि वर थोडा हिशेब. एखादी डिस्क गेली तर उरलेल्या तिघी मिळून सांगतात, तिच्याकडे काय होतं.”

“म्हणजे घरासारखंच की,” आई म्हणाली. “एक माणूस गेलं तरी बाकीच्यांना ठाऊक असतं, ते आत्ता काय म्हणालं असतं.”

“अगदी तसंच! पण एकच गेलं तर हं. दोघी गेल्या की उरलेल्यांना नाही सांगता येत.”

“का नाही?”

“गणित आहे ते, आई.”

“असेल बाई,” आई म्हणाली, पण तिला ते पटलेलं दिसलं नाही.

२

टकटक आधी आईनं ऐकली. भिंतीतल्या किड्यासारखी, बारीक, थांबून थांबून. ठिणगीनं पेटीला जोडलेल्या संगणकाचा पडदा उघडला तर त्यावर ओळ आली होती : डिस्क २ कमकुवत. बदला.

यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. डिस्क झिजतातच. नियम साधा होता, ठिणगी तो झोपेतही म्हणू शकली असती : आधी नवी जोडायची, मग जुनी काढायची. पण खण चारच, आणि चारही भरलेले, तेव्हा जुनी काढूनच नवी घालणं भाग होतं. मामानं नवी डिस्क आणून दिली. ठिणगीनं पेटीसमोर मांडी घातली, दोन नंबरच्या खणाची पट्टी दाबली आणि ट्रे बाहेर ओढला. पेटी किंचाळली. नवी आत गेली, किंचाळणं थांबलं, दिवा नारिंगी होऊन लुकलुकू लागला. पडद्यावर आलं : पुन्हा उभारणी सुरू.

“झालं?” मामा म्हणाला. “एवढ्यासाठी लांब जाऊन शिकलीस? मला वाटलं, पाणीबिणी शिंपडावं लागेल.”

काढलेली डिस्क घेऊन दोघं मामाच्या दुकानात गेली. हा आवाजघराचा कायदा होता, ठिणगीनंच केलेला. लोकांनी विश्वासानं दिलेले आवाज भंगारात जाऊन कुणाच्याही हाती पडता कामा नयेत. बाद झालेल्या डिस्कला त्याच दिवशी आरपार भोक पाडायचं. मामानं तिला शिकंज्यात आवळलं, ड्रिल लावलं. लोखंडाचा भुगा चमकत खाली पडला.

“बघ, कशी गप्प झाली,” मामा फुंकर मारत म्हणाला. “माणसांसाठी असतं असं एखादं यंत्र, तर तुझ्या मामीला…”

“मामा!”

“गप्प बसतो. मलाच आधी पाडेल ती भोक.”

हसत दोघं परत आली. आई पेटीशेजारी खुर्चीत शेंगा सोलत बसली होती.

“अगं,” ती मान वर न करता म्हणाली, “ती अजून टकटकतेय.”

३

ठिणगी गुडघ्यांवर बसली, कान लावला. टकटक तिसऱ्या खणातून येत होती.

मग तिला दिसलं. खणांवर लाल शाईचे कागद होते, एक, दोन, तीन, चार. पेटी आली त्या दिवशी आईनं हौसेनं चिकटवले होते. आणि पेटी मोजायची शून्यापासून. पेटीची दोन म्हणजे आईची तीन. ठिणगीला हे माहीत नव्हतं असं नाही. मोजणी शून्यापासूनच का हवी, यावर तिनं लांबच्या त्या शहरात मित्रांशी रात्र रात्र वाद घातले होते. पण हात खणाकडे गेला तेव्हा डोळ्यांसमोर आईचं अक्षर होतं.

तिनं धडधाकट डिस्क काढली होती. आणि तिला भोक पाडून आली होती.

“आता?” मामानं विचारलं. या वेळी त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती.

“आता ही आजारी टिकली पाहिजे. नवी भरून होईपर्यंत. हिच्याशिवाय ती भरू शकत नाही.”

“आणि नाही टिकली तर?”

ठिणगी पडद्यावरची नावं एकेक करून बघू लागली. घड्याळवाल्या काकूंचा आवाज, शाळेतल्या शिपायाचा, सुईणबाईंचा, बाबांचा. निम्म्याहून जास्त माणसं आता कुठंच नव्हती, फक्त इथं होती. तिला भरवशानं आवाज दिलेली माणसं.

मामानं पंखा ओढून पेटीवर सोडला. आजाऱ्याच्या उशाशी बसावं तशी तिघं बसली. पडद्यावरचा आकडा मुंगीच्या पावलानं चढत होता. बाहेर कुणीतरी फाटक वाजवलं, मामानं जाऊन त्याला वाटेला लावलं. ऊन खिडकीतून कपाटावर सरकलं.

आणि टकटक थांबली.

तिसऱ्या खणाचा दिवा विझला. ठिणगीनं डोळे मिटून घेतले. आता पडद्यावर काय येईल ते तिला पाठ होतं. दोन उरल्या, चारांतल्या दोन. संपलं.

तिला शेंगांची टोपली खाली ठेवल्याचा आवाज आला. आईनं हात पुसले, वाकली, आणि तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा तळवा पेटीवर ठेवला.

“होईल गं,” आई म्हणाली. “मी आहे तोवर काही बुडत नाही.”

पेटीच्या पोटातल्या पंख्याचा आवाज एक श्वास घेतल्यासारखा खाली उतरला. ठिणगीनं डोळे उघडले. आकडा एकानं वाढला होता. मग आणखी एकानं. तिसऱ्या खणाचा दिवा हिरवा झाला होता, आणि आतून कसलाही आवाज येत नव्हता.

४

संध्याकाळी उभारणी पूर्ण झाली.

“बघ!” मामा म्हणाला. “उगाच घर डोक्यावर घेतलंस.”

ठिणगी हसली, पण तिचं डोकं हसत नव्हतं. हे होऊ शकत नाही. दोघींकडे जे नव्हतं ते दोघींनी कुठून आणलं? पडदा अडकला असेल. तिसरी डिस्क मेली नसेल, नुसती शांत झाली असेल. होतं असं कधी कधी. तिनं प्रत्येक मुद्रण जुन्या खुणेशी ताडून पाहिलं. प्रत्येक फाइल बनवताना ती एक खूण काढून वेगळी ठेवायची, एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी ती खूण बदलते. सगळ्या खुणा जुळल्या.

एक सोडून. बाबांची फाइल लांब झाली होती.

तिनं हेडफोन लावले. “…धावत व्हॉल्व्हच्या चाकापाशी गेलो, हात घातला, तर—” इथं नेहमी खट्ट व्हायचं. झालं नाही. बाबांनी श्वास घेतला. “तर चाक आधीच फिरलेलं. मी म्हटलं, कोण आहे? तर ही! डबा घेऊन आली होती, पाणी दिसलं, चप्पल काढली आणि सरळ आत. चाक फिरवून वर मलाच म्हणते, मी आहे तोवर काही बुडत नाही.” मग बाबांचं हसू. मग खोकला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज.

ठिणगीनं हेडफोन काढून मांडीवर ठेवले. हे कधीच मुद्रित झालं नव्हतं. हे त्या दिवशी फक्त तीन माणसांसमोर बोललं गेलं होतं. एक बोलणारा. एक मीटरचा काटा बघणारी. आणि एक ऐकणारी.

“पुढचं सापडलं का गं?” आईनं दारातून विचारलं. चेहरा उजळला होता. “मी म्हटलं होतं ना, मला ठाऊक आहे.”

दुसऱ्या दिवशी दुसरी नवी डिस्क आली. ठिणगीनं या वेळी शून्यापासून मोजलं, दोनदा मोजलं, आणि तिसऱ्या खणातली मेलेली डिस्क काढली. पेटी किंचाळली नाही. रिकाम्या खणाचा दिवा हिरवाच राहिला. नवी घातली तर पडद्यावर आलं : जागा भरलेली आहे.

तिनं नवी काढली. रिकाम्या खणात हात घातला. आत कोमट होतं. नुकतंच कुणीतरी उठून गेलेल्या अंथरुणासारखं.

५

त्यानंतर काही दिवस काहीच झालं नाही, आणि ठिणगीनं मनाला पटवलं की यंत्राचं काहीतरी आहे, जे तिला अजून सापडलेलं नाही. तिकडच्या एका जुन्या मित्राला लिहिलंही. तो म्हणाला, दिवा बिघडला असेल, आणि तू जरा झोप.

दुपारी घड्याळवाले काका आले. ठिणगीनं त्यांना काकूंचं मुद्रण लावून दिलं आणि पाणी आणायला आत गेली. आई ओट्याशी उभी होती, पाठमोरी, सुरीखाली काकडीच्या चकत्या पडत होत्या. ती काहीतरी पुटपुटत होती.

“काय गं?” ठिणगीनं विचारलं.

आईनं उत्तर दिलं नाही. ओठ हलत राहिले. आवाज जवळजवळ नव्हताच, नुसता श्वास. ठिणगी जवळ गेली. “…तेव्हा यांच्याकडे एकच सदरा होता, तो मी रोज…” हे आईचं बोलणं नव्हतं. आई असं हेल काढून बोलत नसे. पुढच्या खोलीत काकांनी खुर्ची मागे सरकवली. आईची सुरी थांबली.

“अहो,” आई काकडीकडे बघत म्हणाली, “दार नुसतं लोटू नका. कडी घाला.”

पुढच्या खोलीत काका हसले.

मग आईनं मान वळवली. “तू कधी आलीस? पाणी हवंय काकांना?”

बरोबर आहे, ठिणगीनं स्वतःला समजावलं. आईनं ते मुद्रण होताना ऐकलंय. नंतर इतक्या वेळा ऐकू आलंय भिंतीपलीकडून. पाठ होणारच. माणूस गाणं नाही गुणगुणत?

पण काकांच्या कानाला हेडफोन होते. भिंतीपलीकडे काही येत नव्हतं.

तिनं पाणी नेलं. काका चष्मा पुसत होते. “आज अगदी जवळून बोलली,” ते म्हणाले. “अगदी इथं.”

६

ठिणगी आता आईकडे बघायला लागली. आणि बघितलं की दिसायला लागतं.

सकाळी सुईणबाईंचा नातू आला की आई दळण निवडता निवडता मंद व्हायची, ओठ हलायचे. तो गेला की ती दमलेली असायची, जिना चढून आल्यासारखी. कुणी ऐकायला नसलं तर आई पूर्वीची आई असायची, मामाच्या बरोबरीनं जीभ चालवणारी.

“वय झालं, ताई,” मामा म्हणायचा.

“तुझं झालं असेल. मी मोठी आहे, म्हातारी नाही.”

पण मधूनच तिला एखादी गोष्ट सापडायची नाही. साखर कुठल्या बरणीत. शेजारणीच्या सुनेचं माहेर.

मामाला ठिणगीनं सगळं सांगितलं. तो हसला नाही. हातातला स्क्रूड्रायव्हर त्यानं खाली ठेवला.

“बंद करून टाक ना पेटी.”

“आणि मग? त्या खणात काय आहे हेच मला माहीत नाही, मामा. एकदा न बघता काढून बसलेय. परत तेच करू?”

“मग आवाज दुसरीकडे उतरवून घे. पेटी रिकामी झाली की प्रश्नच मिटला.”

हे शहाणपणाचं होतं. मामानं एक मोठी डिस्क आणली, तिनं ती पेटीला जोडली. आई मधल्या खोलीत दुपारची पडली होती. ठिणगीनं सगळी मुद्रणं निवडली आणि प्रत काढायला सुरुवात केली.

थोड्या वेळानं तिला तो आवाज ऐकू आला. आधी वाटलं, रस्त्यावरून माणसांचा लोंढा चाललाय. पण रस्ता रिकामा होता. आवाज मधल्या खोलीतून येत होता.

आई अंथरुणावर उठून बसली होती. डोळे उघडे, समोरच्या भिंतीवर. ओठ इतक्या वेगानं हलत होते की शब्दाला शब्द चिकटला होता. पुरुषांचे, बायकांचे, ताठ, थकलेले, हसरे, सगळे आवाज त्या एका तोंडातून एकदम बाहेर पडत होते, बारीक, पाण्यासारखे. मध्येच कुठंतरी बाबांचा खोकला होता.

ठिणगीनं धावत जाऊन वायर उपटली.

ओठ थांबले. आईनं एकदा गिळलं. “किती वाजले?” ती म्हणाली. “चहा टाकू?”

“मी टाकते. तू बस.”

“अगं…” आईनं हाक मारायला तोंड उघडलं, आणि तशीच थांबली. तिच्या चेहऱ्यावर शोधाशोध दिसली, किल्ली कुठं ठेवली हे आठवताना दिसते तशी. मग ती ओशाळून हसली. “बाळ,” ती म्हणाली. “साखर कमी घाल.”

तिला ठिणगीचं नाव आठवलं नव्हतं.

मामा दारात उभा होता. त्यानं मान खाली घातली.

“झिजलेल्या डिस्कवर सगळ्यात जास्त ताण कधी येतो माहितेय?” ठिणगी गॅस पेटवत म्हणाली. “सगळं एकदम मागितलं की.”

७

सकाळी ठिणगी पुढच्या खोलीत आली. तिसऱ्या, रिकाम्या खणाचा दिवा नारिंगी होता. पडद्यावर ओळ होती : डिस्क २ कमकुवत. बदला.

आणि स्वयंपाकघरातून टकटक येत होती.

आई टेबलाशी बसली होती. समोर निवलेला चहा. हातातला चमचा कपाच्या कडेवर वाजत होता, बारीक, थांबून थांबून. तिचं तिकडे लक्षही नव्हतं. ठिणगीनं तिच्या हातावर हात ठेवला. चमचा थांबला. हात काढला, पुन्हा सुरू.

तिनं आवाजघराच्या पाटीवर कागद लावला, दुरुस्तीसाठी बंद. मग येऊन आईसमोर बसली, गुडघ्याला गुडघा लावून. माइक नाही, मीटर नाही.

“आई, सुईणबाई काय म्हणाल्या होत्या गं? मी नीट ऐकलं नव्हतं तेव्हा.”

“तू नव्हतीस?”

“होते. काट्याकडे बघत होते.”

आईनं थोडा वेळ आठवलं. “पहिलं बाळंतपण त्यांनी केलं ते स्वतःच्या सासूचं.”

“हं,” ठिणगी म्हणाली. “मग?”

आई सांगत गेली. हळूहळू, चुकत, मागे येत. कुणी घाई करत नव्हतं, कुणी सगळं एकदम मागत नव्हतं. शिपायाची घंटा, सुईणबाईंची सासू, घड्याळवाल्यांचा एकुलता सदरा. जेवणं झाली, भांडी झाली, दुसरा दिवस झाला, आणखी झाले. मामा दुकान लवकर बंद करून येई आणि कोपऱ्यात गप्प बसे, जे त्याला जन्मात जमलं नव्हतं. ठिणगी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होती. तिला कळलं, मोजलेला आवाज वेगळा आणि ऐकलेला वेगळा. तिकडे हे कुणी शिकवलं नव्हतं, आणि इथं तर ते रोज तिच्या शेजारी बसलेलं असायचं.

सगळ्यात शेवटी आईनं बाबांचं सांगितलं. चाक, चप्पल, डबा.

“एवढंच,” आई म्हणाली. “संपलं माझ्याकडचं.” आणि चमचा शोधू लागली.

ठिणगी उठून पुढच्या खोलीत गेली. मामा तिच्या मागोमाग आला.

“हे डोकं ठिकाणावर ठेवून करतेयस ना?”

“आधी नवी जोडायची, मग जुनी काढायची,” ती म्हणाली. “मागच्या वेळी खण नव्हता म्हणून चुकले.”

“आणि आता आहे?”

ती पेटीसमोर मांडी घालून बसली आणि तळवा पेटीवर ठेवला. धातू कोमट होता. तिला वाटलं, काहीच होणार नाही, आणि क्षणभर तिला तेच हवंसं वाटलं. मग पोटातल्या पंख्याचा आवाज एक श्वास घेतल्यासारखा खाली उतरला. पडद्यावर आलं : पुन्हा उभारणी सुरू.

दुखलं नाही. कुणीतरी शेजारी सरकून बसल्यासारखं वाटलं, एवढंच.

संध्याकाळी पडद्यानं विचारलं, जुनी काढू का? तिनं हो म्हटलं. दिवा हिरवा झाला.

स्वयंपाकघरातली टकटक थांबली होती. “ठिणगे!” आतून आईची हाक आली, खणखणीत. “वरणात मीठ मी घातलं की तू? नाहीतर दोघींनी घातलं असेल, मग मामाला वाढू.”

मामा मटकन खुर्चीत बसला आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. “बाईचं सगळं परत आलं,” तो म्हणाला. “खवचटपणासकट.”

पाटीवरचा कागद निघाला. दुसऱ्या दिवशी दुपारी घड्याळवाले काका सगळ्यांत आधी हजर. ठिणगीनं त्यांना काकूंचं मुद्रण लावून दिलं आणि मामाला निरोप द्यायला मागच्या दाराशी आली. आई ओट्याशी काकड्या चिरत होती. तिचे ओठ मिटलेले होते. ती सुरीकडे बघत होती आणि फक्त काकडी चिरत होती.

“मग?” मामा चपला घालत म्हणाला. “दुसऱ्या प्रतीचं घर ठरलं म्हणायचं.”

“ठरलं,” ठिणगी म्हणाली. “आता मी हळूहळू एकेक मुद्रण वेगळं उतरवणार आहे. रोज थोडंसंच. झेपेल तेवढं. वर्ष लागलं तरी चालेल, मला कुठं…”

ती थांबली. पुढच्या खोलीत खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला.

मामा दाराबाहेर पडला होता. त्यानं सवयीनं दार मागे ओढलं.

“अहो,” ठिणगी म्हणाली, “दार नुसतं लोटू नका. कडी घाला.”

पुढच्या खोलीत काका हसले.

मामा दार अर्धं धरून उभा राहिला. ही पोर जन्मापासून त्याला अरे मामा म्हणत आली होती. तिच्याकडे त्यानं पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती, शांत, थोडी दमलेली, जिना चढून आल्यासारखी.

“…जायचंय?” तिनं वाक्य पुरं केलं. “काय रे मामा? असा काय बघतोस?”

ओट्याशी सुरी थांबली होती. आई पाठमोरी उभी होती आणि वळत नव्हती.

मामानं चपला काढल्या, घरात आला, आणि कडी घातली.